पासंगचं तेल कुणी द्यायचं

४ फेब्रुवारी

चि. भाऊजींस वहिनीचे आशीर्वाद.

पार्सल मिळालं. त्यातून निघालं ते असं: कॉडलिव्हर तेलाच्या काळ्या बाटल्या दोन (एकीचं झाकण सैल होतं, पण सांडलं फारसं नाही), जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा डबा एक, काचेचा ड्रॉपर एक, आणि लाकडाचा भुसा भरपूर. टपालखात्यानं परदेशी पार्सलाची जकात म्हणून आमच्या आठवड्याच्या दुधाइतके पैसे घेतले. पोस्टमनला पाणी दिलं, त्याचे पैसे पडले नाहीत. भुसा ठेवून घेतलाय, काचेची भांडी गुंडाळायला उपयोगी पडेल.

चिठ्ठी मात्र सापडली नाही. सगळा भुसा परातीत घेऊन धान्यासारखा निवडला. कागदावर फक्त 'पासंगसाठी' असं लिहिलेलं. दोन वर्षांत तुमच्याकडून आलेला हा पहिला शब्द, आणि तोही कुत्र्याला! माझी तक्रार नाही. त्याला वाचता येत नाही म्हणून मी वाचून दाखवला. त्यानं कागद हुंगला आणि त्यावरच पाय ताणून बसला. तेव्हा पोच त्याची समजा.

म्हणजे माझी पत्रं पोचतात आणि तुम्ही ती वाचता, एवढं तरी कळलं. मागच्या वेळी मी लिहिलं होतं की पासंग मागच्या पायांनी आखडलाय, पायरी चढताना थांबतो, आणि अंगावरचे केस झाडूसारखे राठ झालेत. त्यावरच तुम्ही हे धाडलंत ना? इतकं लक्षपूर्वक वाचणाऱ्या माणसाला दोन ओळी खरडायला काय होतं, हे मी विचारणार नाही.

इकडची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही दुकानाची किल्ली काट्याच्या पारड्यात ठेवून निघून गेलात, त्या दिवसापासून तुमच्या दादांनी तुमचं नाव घेतलेलं नाही. दुकानात नवे विजेचे काटे घ्यावेत की नाही, यावरून दोन भावांत एवढं पेटावं, याचं मला अजून नवल वाटतं. पण ते असो. पासंगला ते 'त्याचा कुत्रा' म्हणतात. 'त्याच्या कुत्र्यावर माझ्या घरातून दमडी खर्च होणार नाही,' हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. कुत्रा मात्र रोज सकाळी त्यांच्यामागे दुकानात जातो आणि संध्याकाळी त्यांच्यामागेच परत येतो. हे त्याला बोलावतही नाहीत आणि हाकलतही नाहीत.

त्यामुळे तेल मी गुपचूप देणार. बाटली देवाच्या कोनाड्यापासून लांब, पिठाच्या डब्यामागे ठेवलीय. झाकण उघडलं तर अख्खा समुद्र घरात आल्यासारखा वास.

बाटलीवर लिहिलंय की माप कुत्र्याच्या वजनावर ठरतं. आता बघा, नवरा जन्मभर वजनकाटे दुरुस्त करतो आणि घरात काटा नाही! दुकानात तोलायला न्यायचं तर 'कशाला?' हा प्रश्न आलाच. मग मी वाण्याकडे गेले. पोती तोलायच्या काट्यावर पासंगला बसवलं. वाणी म्हणाला, "हा काटा तुमच्या साहेबांच्या हातचा आहे, बाई. बरोबरच दाखवणार. पण बिलावर भाव काय लावू?"

मी म्हटलं, "उधारीवर तोला."

पासंग काट्यावर असा निमूट बसला की काय सांगू. तिसरीतल्या पोराला फोटोसाठी बसवलं तरी इतकं स्थिर बसत नाही. सराव असल्यासारखा! अठरा किलो भरला.

आता माझ्या शंका. माशाच्या लिव्हरमध्येच हे सगळं का साठतं? तो मासा थंड, अंधाऱ्या पाण्यात राहतो म्हणून का? आणि पासंग दिवसभर दाराशी उन्हात लोळतो, त्याला उन्हातून 'ड' जीवनसत्त्व मिळत नाही का? मॅट्रिकला आम्हाला ऊन आणि हाडं असा धडा होता, पण त्यात कुत्रा नव्हता. तुमच्याकडे सगळीच कुत्री तेल पितात का? सवडीनं कळवा.

तुमची
वहिनी


२ मार्च

चि. भाऊजी, आशीर्वाद.

तुमचं कार्ड आलं. 'डोस बाटलीवर आहे. सुरुवात थोड्यानं करा. दादांना सांगू नका.' एवढे शब्द लिहायला दमला असाल, विश्रांती घ्या.

सांगितलेलं नाही. तुमच्या कार्डाच्या आधीच मी थोड्यानं सुरुवात केली होती. पहिला आठवडा ड्रॉपरनं काही थेंबच दिले. तरी पोट जरा ढिलं झालं, मग दोन दिवस थांबले आणि परत सुरू केलं. आता रोज सकाळी भातावर एक छोटा चमचा तेल आणि एक गोळी चुरून. हे आंघोळीला गेले की आमचा कार्यक्रम. पासंग ताटली चाटून तिच्यात तोंड दिसेल इतकी लख्ख करतो. मला घासायचं काम राहत नाही, पण मी घासतेच.

आणि काय सांगू, फरक पडलाय! केस मऊ झाले, पाठीवर चकाकी आली. पायरी चढताना थांबत नाही. शेजारीण विचारत होती, कुत्र्याला शांपू कुठला लावता. मी म्हटलं, देवाची कृपा. खोटं नव्हतं ते. कृपा पार्सलनं आली, एवढंच तिला सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र मला समजेना. गुण इतका लवकर कसा आला? बाटलीवर तर लिहिलंय की धीर धरा, कित्येक आठवडे लागतात. आणि संध्याकाळी दुकानातून आला की त्याच्या नाकाखाली पिवळट डाग असतात. तुमच्या दादांच्या रुमालावरही तसेच. काट्यांना घालायचं तेल असेल म्हणून मी सोड्यात भिजवते. पण काट्याचं तेल काळं पडतं, पिवळं नाही. विचारलं तर म्हणाले, "दुकान आहे ते. डाग पडायचेच."

तुम्हाला काही सुचतंय का?

वहिनी


१९ एप्रिल

चि. भाऊजी,

आज पत्र जरा घाईत आहे. पासंग परत आखडलाय. या वेळी मागचे पाय नाहीत, मान. खाली वाकून खायला नको म्हणतो. ताटली मी पाटावर ठेवली तर दोन घास घेतले. पट्टा घालायला गेले तर कळवळून ओरडला. माझ्या अंगावर कधी आवाज चढवला नव्हता त्यानं, त्याचं त्यालाच वाईट वाटलं आणि माझा हात चाटत बसला. पाणी मात्र घटाघटा पितो. बादली लावली तर बादली संपवेल.

म्हातारपण म्हणावं, तर मार्चमध्ये तो पिल्लासारखा उड्या मारत होता. आठवड्यापूर्वीच मी तेल दीड चमचा केलं. आखडलेपणासाठीच दिलं होतं ना? आखडलेपणा वाढला तर तेलही वाढवायला हवं, असा मी हिशेब केला. तुमच्या उत्तराची वाट बघितली असती तर महिना गेला असता. पण गुण येईना. उलट आज त्यानं सकाळचं सगळं ओकून टाकलं.

संध्याकाळी तुमचे दादा पेपर वाचत बसले होते. पासंग त्यांच्या पायाशी. पेपरच्या मागून आवाज आला, "त्याचा कुत्रा जेवला का?"

"नाही," मी म्हटलं.

"पाणी फार पितोय."

"तुम्हाला कसं ठाऊक? तुम्ही बघत नाही ना त्याच्याकडे?"

पेपरचं पान उलटलं. ते पान त्यांनी आधीच वाचलेलं होतं.

देवापुढे बसले तेव्हा मी नवस केला नाही, देवाशी सौदा करणं मला कधी जमलं नाही. फक्त विचारलं की माझं कुठे चुकतंय ते दाखव. उद्या त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेणार. दूध आठवडाभर अर्धं घेईन, म्हणजे फीचं जमेल. तुमचे दादा विचारतील तेव्हा बघू.

वहिनी


२३ एप्रिल

चि. भाऊजी,

आधी हे वाचा, मग बाकीचं: पासंग दवाखान्यात आहे, सलाईन लावलंय, आणि अजून आहे. आता नीट बसून वाचा.

मी दवाखान्यात नेणार होते, पण त्या सकाळी तो माझ्या आधीच दुकानात गेला होता. मान वाकडी, पाय ओढत, पण गेला. मी पिशवी घेऊन निघतच होते, तर दारात तुमचे दादा. भर सकाळी! स्वतःला ताप असताना ज्यांनी कधी शटर ओढलं नाही, ते दुकान बंद करून आले होते, पासंगला दोन्ही हातांवर घेऊन. म्हणाले, "बाकाखालून उठतच नाही. चल."

मी म्हटलं, "कुठे?"

"तू जिथे निघालीस तिथेच. पिशवी घेऊन कोण दळणाला जातं या वेळी?"

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण घाई नाही त्यांना. पासंगच्या मानेवरून, पाठीवरून बोटं फिरवली. तो कण्हला. रक्त काढलं. मग विचारलं, "खातो काय?"

"भात, दूध, कधीमधी अंडं," मी सांगितलं.

"आणि वरून? तेल, गोळ्या, टॉनिक असलं काही?"

मी तुमच्या दादांकडे बघितलं. ते भिंतीवरच्या घोड्याच्या चित्राकडे बघत होते. टेबलावर पासंग थरथरत होता. त्याच्यापुढे माझं गुपित ते काय! पिशवीतून बाटली आणि डबा काढून ठेवला. "सकाळी एक चमचा. आता दीड. आणि एक गोळी."

तुमचे दादा वळले. "हे कुठून आलं?"

"मग सांगते."

"मग म्हणजे कधी?"

"अहो, आधी डॉक्टरीणबाईंना विचारू द्या!"

बाईंनी त्यांच्याकडे मोर्चा वळवला. "तुम्ही देता का काही?"

त्यांनी एकदा पासंगकडे बघितलं. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक छोटी बाटली काढली. तिच्यावर गुबगुबीत बाळाचं चित्र. लहान मुलांना देतात ते 'अ' आणि 'ड'चे थेंब. पिवळे. मला रुमाल आठवला, आणि हसू की रडू ते कळेना.

"दुपारी देतो," ते म्हणाले. "वजनाप्रमाणे."

"कुणाच्या वजनाप्रमाणे?"

"त्याच्या. दर सोमवारी तोलतो मी त्याला. अठरा किलो दोनशे. अठरा किलोच्या मुलाला बाटलीवर जेवढे थेंब सांगितलेत, तेवढेच. मधे आखडला म्हणून थोडे वाढवले. पण मोजून. अंदाजानं एक थेंब नाही."

"कशातून देता?"

"कलेजीतून. समोरचा खाटीक रोज बाजूला काढून ठेवतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कलेजीतून. म्हणजे लिव्हरचं तेल, लिव्हर, गोळी आणि थेंब. आणखी कोण कोण असतं घरात?"

"आम्ही दोघंच," मी म्हटलं.

"नशीब त्याचं. दोघांनी एकमेकांना विचारलं नाहीत?"

तुमचे दादा म्हणाले, "या विषयावर आमच्यात बोलणं नव्हतं."

बाईंनी मग समजावून सांगितलं, आणि मी ते जसंच्या तसं तुम्हाला लिहिते, कारण माझ्या सगळ्या शंकांची उत्तरं त्यात निघाली. 'ब' आणि 'क' जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात. जास्त झाली तर बरीचशी लघवीवाटे निघून जातात. 'अ' आणि 'ड' तशी नाहीत. ती चरबीत आणि लिव्हरमध्ये मुरतात, साठत राहतात. त्या माशाच्या लिव्हरमध्ये जशी साठली, तशीच पासंगच्याही साठली. 'अ' फार झालं की मानेच्या हाडांवर आणि सांध्यांवर नवं हाड चढतं, मान ताठते, दुखते. 'ड' फार झालं की रक्तात कॅल्शियम चढतं, तहान लागते, उलट्या होतात, मूत्रपिंडं थकतात. म्हणजे ज्या दुखण्यावर आम्ही तेल वाढवत होतो, ते दुखणं तेलच आणत होतं.

"पण माझं माप बरोबर होतं," मी म्हटलं.

"माझंही," हे म्हणाले.

"दोघांचंही नव्हतं," बाई म्हणाल्या. "तुमच्या गोळीत 'अ' आणि 'ड' आधीच आहेत, त्यावर लिव्हरचं तेल लागत नाही. आणि साहेब, अठरा किलोचा कुत्रा म्हणजे अठरा किलोचं मूल नव्हे. माणसाचं औषध वजनानं भागून जनावराला द्यायचं नसतं. मुलांच्या काही गोड गोळ्यांत साखरेऐवजी जे घालतात, ते तर कुत्र्याला विषच. तुमच्या थेंबांत ते नाही, हे बघितलं मी."

तुमचे दादा एवढेसे झाले. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या मापात कुणी खोट काढली नाही, त्यांना हे ऐकणं किती जड गेलं असेल ते तुम्हालाच कळेल. त्यांनी विचारलं, "वाचेल?"

"पुढच्या आठवड्यात परत रक्त बघून सांगते. आज सांगितलं तर ते खोटं होईल."

परत येताना आम्ही दोघं रस्त्यानं चाललो. मागे नेहमीसारखा कुत्रा नव्हता. मी म्हटलं, "त्याच्या कुत्र्यावर दमडी खर्च करणार नव्हतात ना?"

"खाटीक फुकट देतो."

"आणि थेंब?"

"दुपारचा चहा सोडलाय मी."

मी पदर सारखा केला. चौकापाशी आलो. मग ते म्हणाले, "पार्सल कधी आलं?"

"फेब्रुवारीत."

"काय लिहिलं होतं?"

"पासंगसाठी."

"एवढंच?"

"एवढंच."

"अक्षर सुधारलं का जरा?"

"कुठलं! कोंबडी शाईत पाय बुडवून नाचावी तसंच."

"हं," म्हणाले. रस्ता ओलांडताना माझा दंड धरला. एरवी धरत नाहीत.

भाऊजी, गोळी आणि तेल दोन्ही तुम्ही पाठवलंत, म्हणून मनाला लावून घेऊ नका. तुम्ही लांबून पाठवलंत, मी चोरून दिलं, यांनी लपून दिलं. तिघांचीही माया एकाच जनावराच्या पोटात गेली, आणि ते बिचारं कुणालाच नाही म्हणालं नाही.

वहिनी


११ मे

चि. भाऊजी, आशीर्वाद.

पासंग घरी आहे.

रक्त तीनदा तपासलं. कॅल्शियम उतरलं. मूत्रपिंडांना थोडी इजा झालीय, ती राहणार. पण डॉक्टरीणबाई म्हणतात, सांभाळलं तर काढेल अजून बरीच वर्षं. मान पूर्ण सुटलेली नाही. मानेवर चढलेलं हाड आता उतरायचं नाही. ताटली पाटावर ठेवली की जेवतो. काल शेजारणीच्या मांजराला बघून उठला, चार पावलं गेला, मग विचार बदलून बसला. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या. मांजर मात्र रागावलं असावं, कारण ते बराच वेळ आमच्याकडे बघत राहिलं.

दवाखान्यात मी रोज डबा घेऊन जायची आणि रोज काहीतरी विचारायची. बाई कंटाळल्या नाहीत. एकदा म्हणाल्या, "तुम्ही माझ्या कॉलेजात यायला हवं होतंत." मी म्हटलं, तेव्हा माझं लग्न ठरत होतं. मला कळलं ते असं. कुत्र्याला उन्हातून 'ड' जवळजवळ मिळतच नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. म्हणजे पासंग नुसता मजेसाठी उन्हात लोळतो! उलट 'क' जीवनसत्त्व त्याचं शरीर आपलं आपणच तयार करतं, आपल्याला मात्र लिंबू आणावं लागतं. देवानं कुत्र्याला ते दिलं आणि माणसाला का नाही, यावर मी दोन दिवस विचार करतेय. आपल्याला बाजारात जाऊन एकमेकांशी बोलावं लागावं म्हणून असेल.

आणखी एक. माशाच्या लिव्हरचं तेल वेगळं आणि माशाच्या अंगाचं तेल वेगळं. केसांना आणि सांध्यांना उपयोग होतो तो दुसऱ्याचा, त्यात 'अ' आणि 'ड' फारसं नसतं. पण तेही थोडंच, बाटली थंड अंधारात ठेवून. खवट वास आला तर फेकायचं, मन कितीही नको म्हणालं तरी. (हे वाक्य बाईंनी माझ्याकडे बघून म्हटलं. मी दुसरी बाटली अजून फेकली नव्हती, ते त्यांना कसं कळलं देव जाणे. आता फेकली. सगळीच्या सगळी ओतताना डोळे मिटले होते.) आणि कधी शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर आधी सांगायचं की हा तेल घेतो, कारण त्यानं रक्त पातळ होतं.

सध्या सगळं बंद आहे. दोन महिन्यांनी परत रक्त बघायचं आणि ठीक असेल तर माशाच्या अंगाचं तेल थोडं सुरू करायचं, असं बाई म्हणाल्या. पण एका अटीवर. कितीही द्या, ठरवणारा माणूस एकच हवा. बाकीच्यांनी हात मागे बांधायचे.

यावरून घरात काय झालं ते ऐका.

मी म्हटलं, "मी ठरवीन. ताटली माझ्या हातातली."

हे म्हणाले, "तू दीड चमचा केलास."

"आणि तुम्ही?"

"मी मोजून वाढवले."

"मोजून विष दिलंत, माझं निदान अंदाजानं होतं!"

"बरं, मीच ठरवतो."

"तुम्ही? तो नुसता तुमच्याकडे बघत बसला तर संध्याकाळपर्यंत अख्खी बाटली रिकामी कराल."

हे ताटातला भात सारखा करत राहिले, म्हणजे पटलं. खरं सांगते, माझंही तेच. त्यानं ते डोळे वर केले की माझा चमचा आपोआप भरतो. घरातल्या दोघांवरही विश्वास ठेवता येत नाही, आणि दोघांनाही ते माहीत आहे. जेवण होईपर्यंत वाद चालला. पासंग मध्येच बसून कधी यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होता, त्याला मान वळवायला त्रास होतो तरी.

मग तुमचे दादा उठले, हात धुतले आणि टॉवेलला हात पुसता पुसता, माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "ज्याचा कुत्रा, त्यानं ठरवावं."

मी म्हटलं, "भाऊजींना विचारावं लागेल मग."

"विचार."

"मी का म्हणून? मला तर ते तीन ओळींच्या वर लिहीत नाहीत. तुम्ही विचारा."

"मी काय लिहू त्याला?"

भाऊजी, इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढली, पण त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मेळ्यात चुकलेल्या मुलाचा असावा तसा. मी म्हटलं, "वजन लिहा. तेवढं तर येतं ना तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी दुकानातून आले ते हे कार्ड घेऊन. सोबत घातलंय. कार्ड उघडं असतं म्हणून मी वाचलं. 'पासंगचं वजन आज सोळा किलो नऊशे. आधीपेक्षा तेराशे ग्रॅम कमी. तेल बंद आहे. पुढे किती द्यायचं आणि कुणी द्यायचं ते तू ठरव. दर सोमवारी वजन कळवीत जाईन.' खाली सही. सहीच्या वर काहीतरी लिहून पुसलंय. उजेडात धरून बघितलं, लागलं नाही. तुम्हाला लागलं तर तुमच्यापाशीच ठेवा.

दर सोमवारी! टपालाचा खर्च मी आत्ताच हिशेबात धरला. अर्धा लिटर दूध कमी केलं की भागतं, आणि दूध कमी करून या घरात कुणी मेलेलं नाही.

तेव्हा आता माझी एक विनंती. उत्तर मला लिहू नका. दुकानाच्या पत्त्यावर, त्यांच्या नावानं पाठवा. तीन ओळींचं चालेल, दोनही चालतील, पण त्यात तेलाचं काय ते स्पष्ट असू द्या आणि 'दादा' हा शब्द असू द्या. मी ते उघडणार नाही, पोस्टमनलाही तसं सांगून ठेवलंय. दर सोमवारी वजन जाईल, पण पुढच्या रक्ततपासणीच्या आत तुमचं उत्तर यायला हवं, नाहीतर ते परत म्हणतील की विचारून काय उपयोग झाला. उलट टपाली कळवा.

तुमची
वहिनी